मोर्चा न्या, पण त्याआधी चार ओळी लिहा

प्रश्न एका सरपंच ताईंचा आहे. थोडक्यात असा: “आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. लोकसंख्या अठराशे. प्रादेशिक योजनेचं पाणी नळाला दहा-दहा दिवस येत नाही. हातपंपाचं पाणी खारं, त्यात चहा फाटतो. चार वर्षांपासून निवेदनं देऊन राहिलो. यंदा गावकरी म्हणतात, नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा नेऊ. विधानसभेत आमचा विषय घ्यायला लावायचा तर नेमकं काय करावं?”

ताई, मोर्चाला माझी ना नाही. मीही बरेच मोर्चे चालून आलो आहे, म्हणून त्यांचं पुढं काय होतं ते आधी सांगतो. पहाटे चारला टेम्पो निघतो. यशवंत स्टेडियमपाशी जमायचं, घोषणा देत निघायचं आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलिसांच्या कठड्यांसमोर बसायचं. संध्याकाळी पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं. मंत्री नाहीतर त्यांचे सचिव निवेदन घेतात, “बघतो” म्हणतात, फोटो निघतो. बाया रात्री अकराला घरी पोचतात. त्या दिवशी सभागृहात काय झालं याची जी नोंद राहते, तिच्यात तुमच्या गावाचं नाव कुठंच नसतं.

निवेदनात तुम्ही सरकारला सांगता. उपयोग होतो तो सरकारनं तुम्हाला सभागृहात, लेखी सांगितलेल्याचा. वीस-बावीस वर्षं या कामात घालवून मला कळलं ते एवढंच. तेव्हा पाणी मागायला नागपूरला जाऊ नका, उत्तर मागायला जा. पुढं ते उत्तर हातात धरून पाणी मागता येतं.

उत्तर हवं तर प्रश्न पाहिजे, आणि तो आमदारानंच विचारावा लागतो. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्याचा, साचा ठरलेला आहे आणि तो पाठ करण्यासारखा आहे: हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. चार ओळी. माझ्या पहिल्या अधिवेशनात मी चाळीस पानांची फाईल घेऊन आमदार निवासात गेलो होतो. आमदारांच्या स्वीय सहायकानं ती हातावर तोलून पाहिली, खाटेखालच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाला, “काका, एक पान द्या ना.” मला राग आला होता. आता वाटतं, पोरगा बरोबर बोलला. त्याच्यापुढं त्या आठवड्यात असे शंभर गठ्ठे असतात, आणि जो कागद जसाच्या तसा प्रश्न म्हणून देता येतो तोच पुढं सरकतो.

तुमच्या गावासाठी मी असं लिहिलं असतं:

“(१) अमुक तालुक्यातील अमुक गावास प्रादेशिक योजनेतून माहे मे ते ऑक्टोबर या कालावधीत सरासरी दहा दिवसांआड पाणीपुरवठा झाला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या कालावधीत सदर गावास प्रत्यक्ष किती लिटर पाणी देण्यात आले व ते दरडोई दररोज किती होते, (३) नळाला पाणी नसलेल्या दिवशी ग्रामस्थ वापरत असलेल्या हातपंपांच्या पाण्याची रासायनिक तपासणी केव्हा करण्यात आली व त्यात काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

यात “अन्याय”, “तहानलेलं गाव”, “महिलांची वणवण” यातला एकही शब्द नाही. ते भाषणात येऊ द्या. प्रश्नात विशेषण आलं की खात्याला ते विशेषण नाकारून मोकळं होता येतं. अधिवेशन डिसेंबरात असलं तरी प्रश्नांच्या सूचना त्याच्या बऱ्याच आधी घेतल्या जातात, म्हणून दिवाळीच्या आसपास हा कागद आमदारांच्या हातात असला पाहिजे. मोर्चाची वर्गणी गोळा व्हायला लागते तोवर ही मुदत बहुधा गेलेली असते.

आता जे कोणी सांगत नाही ते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत लिहिलं जातं असं तुम्हाला वाटत असेल. ते लिहिलं जातं तुमच्याच गावात. मंत्रालयातल्या पाणीपुरवठा विभागातून प्रश्न जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याकडं येतो, तिथून उपअभियंता, तिथून शाखा अभियंता, आणि शाखा अभियंता ग्रामसेवकाला फोन करतो (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून ग्रामसेवकच): “अधिवेशनाचा प्रश्न आहे, आज पाच वाजेपर्यंत माहिती द्या.” ग्रामसेवक कपाटातलं रजिस्टर उघडतो आणि त्यात जे असेल ते कळवतो. तेच वाक्य चार टेबलं चढून मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात येतं.

मी एका गावासाठी असाच प्रश्न लावून घेतला होता. आमदार चांगले, प्रश्न चांगला, गावातून तीस माणसं आलेली. उत्तर आलं, हे खरे नाही, पुरवठा नियमित आहे. आम्ही चिडलो, घोषणा दिल्या. पुढं माहिती अधिकारात कागद मागवले तर त्यात आमच्याच ग्रामपंचायतीचं पत्र निघालं, पुरवठा सुरळीत असल्याचं. का? पाणीपट्टीची मागणी पूर्ण वर्षाची लावलेली होती. पुरवठा अनियमित असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग पूर्ण पट्टी कशी आकारली? ग्रामसेवकानं स्वतःला वाचवलं आणि गाव खोटं पडलं. त्याच्यावर मी फार रागावू शकलो नाही. पाणी आलं नाही याची एक ओळही आम्ही कुठं लिहून ठेवली नव्हती. त्यानं तरी काय बघून लिहायचं होतं?

तेव्हा ताई, तुम्ही सरपंच आहात हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा. आजच वीस रुपयांची वही आणा आणि व्हॉल्व्हमनच्या हातात द्या. तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, टाकी किती भरली, कोणत्या वॉर्डाला सोडलं. खाली त्याची सही आणि पाणीपुरवठा समितीतल्या एका बाईची सही. महिन्याच्या शेवटी मासिक सभेत वाचून कार्यवृत्तात घ्या. सहा महिन्यांनी शाखा अभियंत्याचा फोन येईल तेव्हा कपाटातून ही वही निघाली पाहिजे.

वहीतून एक आकडा निघतो आणि सभागृहात तोच चालतो. जल जीवन मिशनचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. तुमची वस्ती अठराशे, म्हणजे रोज ९९,००० लिटर. समजा तुमची टाकी साठ हजार लिटरची आहे आणि दहा दिवसांनी पाणी येतं तेव्हा ती दोनदा भरते. झाले एक लाख वीस हजार. दहा दिवसांवर वाटले तर रोजचे बारा हजार, आणि माणशी साडेसहा लिटरच्या थोडं वर. गुंडभरही नाही. “पाणी पुरत नाही” म्हटलं तर मंत्री योजनेचा खर्च वाचून दाखवतात. “५५ ऐवजी साडेसहा” म्हटलं की त्यांना मागं वळून अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं बघावं लागतं.

दुसरी खबरदारी पाण्याच्या नमुन्याची. खारपाणपट्ट्यात पाणी खराब आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पितळी भांड्याला आतून पांढरा थर चढतो, पाहुणा आला की त्याच्यापुरतं गोडं पाणी शेजारून मागून आणतात. पण सरकारी कागदावर तेच पाणी “पिण्यास योग्य” निघतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. एका गावात मी जलसुरक्षकाला विचारलं, बाटली कुठून भरली? तो म्हणाला, “काका, त्या दिवशी नळाले पाणी होतं ना, म्हून नळाचंच भरलं.” धरणाचं गोडं पाणी त्यानं तपासायला पाठवलं होतं. उरलेले नऊ दिवस गाव ज्या हातपंपावर जगतं त्याची बाटली कोणी भरलीच नव्हती. म्हणून अहवाल हातात आला की खालचा शेरा नंतर वाचा, वर स्रोत कोणता लिहिलाय आणि नमुना कोणत्या तारखेचा आहे ते आधी. पावसानंतरचा नमुना आणि मे महिन्यातला नमुना यांत खूप फरक पडतो, दोन्ही पाहिजेत.

तीनच गोष्टींचे आकडे लक्षात ठेवा. विरघळलेले क्षार, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर नको, तिथं सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत ठीक, फार तर १.५. तुमच्याकडं पहिले दोन महत्त्वाचे. फ्लोराइडचा त्रास यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणीकडं आणि चंद्रपूरच्या काही तालुक्यांत जास्त.

किडनीचं मात्र जपून. खारपाणपट्ट्यात बऱ्याच गावांत डायलिसिसवर कोणी ना कोणी आहे आणि लोक ते पाण्याशीच जोडतात. लोकांना दिसतं ते मी खोटं म्हणणार नाही. पण प्रश्नात “दूषित पाण्यामुळे किडनीचे रुग्ण वाढले, हे खरे आहे काय” असं लिहिलं की उत्तर तयारच असतं, पाण्यामुळेच झाले असे सिद्ध होत नाही, सबब हे खरे नाही. आणि त्या एका शब्दानं तुमचा बाकीचा प्रश्नही वाहून जातो. त्याऐवजी विचारा, तालुक्यात किडनीच्या रुग्णांचं सर्वेक्षण केव्हा झालं, किती रुग्ण आढळले, त्यांच्या गावांच्या पिण्याच्या स्रोतांची तपासणी झाली काय. आकडे बाहेर येऊ द्या, मग ते काय सांगतात ते सांगतील. आणि हा प्रश्न सार्वजनिक आरोग्य खात्याला वेगळा टाका, पाण्याच्या प्रश्नात कोंबू नका.

खातं चुकलं की प्रश्न मेला, हे भंडाऱ्याकडच्या मंडळींकडून शिकलो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबतं. काठावरची गावं वास मारणाऱ्या पाण्याबद्दल जलसंपदा खात्याला विचारत राहिली. जलसंपदा म्हणतं, आमचं काम धरण. घाण सोडणारं शहर नगरविकासाकडं, तिचं नियंत्रण पर्यावरणाकडं. तुमच्याकडंही तसंच आहे: नळ पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याचा, धरण जलसंपदेचं, हातपंपाखालचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बघते, ती पुन्हा पाणीपुरवठा खात्याचीच. एका प्रश्नात एकच खातं धरा.

विचारणार कोण? तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, शेजारच्या मतदारसंघातले बघा. सत्ताधारी पक्षाचा आमदार प्रश्न द्यायला कचरतो, पण लक्षवेधी सूचनेला बरेचदा तयार होतो, कारण तिथं मंत्र्यांना निवेदन करायची संधी मिळते आणि त्याचंही नाव होतं. लोक विधान परिषद विसरतात. अमरावती विभागाला शिक्षक मतदारसंघाचा स्वतंत्र आमदार आहे. शाळेच्या टाकीत खारं पाणी आहे आणि पोरं घरून बाटली आणतात, हा विषय त्यांनी नाही मांडायचा तर कोणी? दोन्ही सभागृहांत एकाच विषयाचे दोन प्रश्न लागले की उत्तरं जुळवून बघता येतात. जुळत नसतील तर तुमची दिवाळी.

एक पथ्य पाळा. घाईनं हायकोर्टात जाऊ नका. प्रकरण न्यायप्रविष्ट झालं की तो विषय सभागृहात घेता येत नाही, आणि मग कोर्टाची तारीख पडेपर्यंत दोन्ही दारं बंद. आधी उत्तर घ्या. कोर्टात जायचंच झालं तर मंत्र्यांचं लेखी उत्तर तुमच्याच बाजूचा कागद होतो.

आता न्याय्य वाटपाबद्दल, कारण तुमच्या गावचे लोक शेवटी म्हणणारच, धरणाचं पाणी दुसऱ्या तालुक्याला देऊ नका. वान धरणाचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांच्या योजनेसाठी वानचं पाणी राखून ठेवायचं ठरलं तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी आंदोलनाला बसले. दोन्हीकडं खारं पाणी, दोन्हीकडची माणसं बरोबर. एक तालुका प्यायचं पाणी मागतो, दुसरा आपलं ओलित वाचवतो, आणि धरणात एकूण किती, राखीव किती, गळती किती याचा हिशेब दोघांच्याही हातात नसतो. म्हणून “आमचं पाणी तोडू नका” या मागणीवर मी कधीच सही करत नाही. मागणी अशी करा: दर धरणाचं आरक्षण एका तक्त्यात जाहीर करा, कोणाला किती मंजूर, कोणी प्रत्यक्ष किती उचललं, नळाच्या शेवटच्या गावाला किती पोचलं. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून आरक्षण ठरतं. म्हणजे हिवाळी अधिवेशनाला ते आकडे ताजे असतात.

हे धोरण बदलतंही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा नंबर होता आणि शेती तिसरी. २०११ मध्ये शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. त्याच वर्षी दुसरंही घडलं. कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवायचा अधिकार २००५ च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला दिला होता, तो दुरुस्ती करून मंत्रिमंडळाकडं नेला. अप्पर वर्धा धरणाचं पाणी वीज प्रकल्पाला देण्यावरून पेटलेला वाद अमरावतीकरांना आठवत असेल, त्याच काळातली ही गोष्ट. मला ती दुरुस्ती तेव्हाही पटली नव्हती, आजही नाही. पण झालंच आहे तर त्याचा उपयोग करा: निर्णय मंत्रिमंडळाचा, म्हणजे उत्तरही मंत्र्यांनीच द्यायचं, प्राधिकरणाकडं बोट दाखवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खालच्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपल्यापासून तर अनुशेषाचं गाऱ्हाणं राज्यपालांकडं न्यायची ती खिडकीही बंद आहे. उरलं सभागृहच.

आणि न्याय नागपूरकडून मागायच्या आधी गावातला व्हॉल्व्ह एकदा बघून या. पाणी येतं त्या दिवशी मधल्या गल्लीतल्या किती नळांना टिल्लू पंप लागतो, आणि बौद्धपुऱ्याच्या शेवटच्या नळाला धार येते की नुसती हवा? हा प्रश्न विधानसभेत कोणी विचारणार नाही. पण तुमच्या वहीत वॉर्डाचा रकाना आहे तो यासाठीच.

गावात आरओचं यंत्र द्या, ही मागणी आमदारांना फार आवडते, कारण उद्घाटन करता येतं. मी विरोध करत नाही, कॅनभर गोडं पाणी मिळतं. पण मेम्ब्रेन बदलायचा पैसा कोणाचा, वीजबिल कोणाचं, आणि यंत्रातून बाहेर पडणारं आणखी खारं पाणी कोणत्या नालीत जाणार, हे मागणीतच लिहून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी त्या खोलीत बकऱ्या बांधलेल्या असतात. मी मोजल्या आहेत, एका ठिकाणी सात होत्या.

अधिवेशन संपलं की बहुतेकांचं काम संपतं, तिथंच चूक होते. प्रश्नोत्तराच्या यादीत तुमचा नंबर कोणता, उत्तर काय, हे विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं. तोंडी चर्चेला वेळ पुरला नाही तरी तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर पटलावर येतंच, त्यामुळं “आमचा प्रश्न आलाच नाही” म्हणून नाराज होऊ नका. मंत्री “तपासून कार्यवाही करण्यात येईल” असं बोलले असतील तर ते आश्वासन आहे, आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते उत्तर मोठ्यानं वाचा, प्रश्न क्रमांकासह ठराव घ्या, एक प्रत आमदारांना, एक समितीला, एक कार्यकारी अभियंत्याला. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्याच आमदारांना त्याच खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (नावापुरती कपात सुचवून विषय मांडायची) द्यायला सांगा. तेव्हा वहीत आणखी तीन महिन्यांच्या नोंदी असतील.

मोर्चाचंही सांगतो. प्रत्येक खात्याला प्रश्नांचा वार ठरवून दिलेला असतो. पाणीपुरवठा खात्याचा वार ज्या दिवशी असेल त्याच दिवशी टी-पॉइंटला बसा. टेम्पोत गुंडं घ्या, घोषणा द्या, आणि हातपंपाच्या पाण्याच्या दोन बाटल्या शिष्टमंडळासोबत आत पाठवा. तोवर तुमच्याकडं मे महिन्याचा तपासणी अहवाल असेल तर मला त्याचं वरचं अर्धं पान पाठवा, स्रोत आणि तारीख दिसेल एवढं पुरे.